तलवार घडवून घेताना पोलादाची निवड

तलवारीच्या पात्याकडून दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. धार टिकायची तर पोलाद कठीण हवे. आघात सोसायचा तर ते चिवट हवे. चाकूच्या बाबतीत हा पेच फारसा जाणवत नाही. त्याचे पाते वीतभर असते, त्याला वाकवणारा जोर थोडा असतो, त्यामुळे ते बरेच कठीण ठेवले तरी निभावते. तलवारीचे पाते ७५ ते ८५ सेंटिमीटर लांब असते. टोकाजवळ बसलेला एक आडवा घाव मुठीपाशी कितीतरी पटींनी जोर आणतो. त्यामुळे उत्तम चाकूचे पोलाद उत्तम तलवारीला चालेलच असे नाही. तलवार घडवून घेणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते: जे सर्वांत कठीण, सर्वांत महाग आणि ज्याचे नाव सर्वांत भारी, ते मागितले जाते.

निवडीची सुरुवात पोलादाच्या नावापासून नव्हे, तलवारीच्या कामापासून करावी. अहिल्यानगर जिल्ह्यात तलवार करून घेण्याची निमित्ते ठरलेली आहेत. खंडेनवमीचे आणि दसऱ्याचे शस्त्रपूजन, लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायची तलवार किंवा कट्यार, खंडोबाच्या ठाण्यातला खंडा, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले मर्दानी खेळ, आणि सत्काराच्या व्यासपीठावर शाल-श्रीफळाच्या जोडीने दिली जाणारी तलवार. यांतल्या बहुतेक तलवारी आयुष्यात एकदाही कशावर आदळत नाहीत. भिंतीवर किंवा देव्हाऱ्यात राहणाऱ्या तलवारीसाठी महाग स्प्रिंग पोलाद घेणे म्हणजे बैलपोळ्याच्या मातीच्या बैलाला नाल ठोकण्यासारखे आहे. उलट, खेळात फिरवायची तलवार सत्काराच्या तलवारीच्या भावात आणि त्याच पोलादात घेणे धोक्याचे असते.

कार्बनचा हिशेब

लोखंडाचे पोलाद होते ते कार्बनमुळे, आणि तोही टक्क्याच्या अंशात मोजण्याइतका. बांधकामाच्या सळईत, म्हणजे जालन्याहून येणाऱ्या टीएमटी सळईसारख्या मालात, कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आसपास असतो. खिडक्यांचे गज, अँगल, पत्रा म्हणजे कारागीर ज्याला ‘एमएस’ म्हणतात ते माइल्ड स्टील, त्यात तर त्याहूनही कमी. असे लोखंड लालबुंद करून विझवले तरी धार धरण्याइतके कडक होत नाही. त्याची तलवार दिसायला तलवार असते. वाकली की वाकलेलीच राहते.

साधारण ०.५ टक्क्यांपासून पुढे तलवारीच्या कामाचे पोलाद सुरू होते. ०.५ ते ०.७ टक्के कार्बन हा लांब पात्यासाठी सर्वांत सुरक्षित पट्टा आहे. ०.८ च्या पुढे धार अधिक टिकते, पण उष्णता-प्रक्रियेत चुकीला जागा उरत नाही. १ टक्क्याच्या पुढची पोलादे चाकू, वस्तरे, बेअरिंग आणि डाय यांच्यासाठी आहेत.

हा हिशेब दख्खनला नवा नाही. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव मुशीत वितळवून केलेल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि तिथला माल इराणपर्यंत जात असे. युरोपात ‘वूट्झ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे. त्यातून काढलेल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. तिलाच जौहर म्हणत. मायकेल फॅरेडे यांनी १८१९ च्या सुमारास लंडनमध्ये या पोलादाचे पृथक्करण करून पाहिले होते. धारेच्या बाबतीत ते अजोड, पण सपाटून बसलेल्या आडव्या आघाताला त्यातली अनेक पाती ठिसूळ ठरत.

मराठी सरदारांची पसंती फिरंगेला होती, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. फिरंग म्हणजे युरोपीय बनावटीचे, बहुधा सरळ आणि लवणारे पाते, त्याला इथल्या कारागिराने बसवलेली मूठ. रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, ती याच जातीची: पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची आणि सोन्याच्या नक्षीची. त्यामागे परदेशी मालाचे अप्रूपही असेल. पण मध्यम कार्बनचे, घाव बसल्यावर लवून पुन्हा सरळ होणारे पाते लढणाऱ्याला अधिक भरवशाचे वाटणे स्वाभाविक होते. आजही निवड करताना तोच कौल द्यावा लागतो.

बाजारात मिळणारी पोलादे

नागापूर किंवा सुपे औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या विक्रेत्याकडे, नाहीतर पुण्याच्या बाजारात, पोलाद मागताना अजूनही जुन्या ब्रिटिश ‘ईएन’ क्रमांकांनीच बोलले जाते. इंटरनेटवर वाचलेले अमेरिकी क्रमांक तिथे सांगितले तर गोंधळ होतो. म्हणून दोन्ही भाषा थोड्या जुळवून घेतलेल्या बऱ्या.

ईएन-८ सगळीकडे मिळते, कारण शाफ्ट आणि बोल्ट त्याचेच होतात. कार्बन सुमारे ०.४ टक्के. मिरवणुकीची, धार न लावलेली तलवार याची चांगली होते: तुटत नाही, वाकली तर हातोडीने सरळ करता येते. धारेच्या कामाला मात्र ते उणे पडते. ईएन-९ मध्ये कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, साधे, स्वस्त आणि प्रामाणिक पोलाद. नवशिक्या कारागिराच्या हाती द्यायला याच्याइतके सोयीचे दुसरे नाही.

लांब पात्यासाठी खरे नाव घ्यायचे ते ईएन-४५ चे. हे सिलिको-मँगनीज स्प्रिंग पोलाद. कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. भारतीय मानकातले ५५एसआय७ आणि अमेरिकी ९२६० हे त्याचे जवळचे भाऊबंद. सिलिकॉनमुळे पाते बरेच वाकवले तरी कायमचा बाक धरत नाही. एक दुर्गुण मात्र ठाऊक असावा: भट्टीत फार वेळ ठेवले तर याच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि वर मऊ साल तयार होते. म्हणून भट्टीनंतर घासून काढण्यासाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा लागतो. जो कारागीर आधीच धार पातळ करून मग पाते भट्टीत घालतो, त्याची धार सालीतच संपते.

ईएन-४७ म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग पोलाद. कण बारीक राहतो, चिवटपणा उत्तम, साल धरण्याची खोड कमी. मिळाले तर ईएन-४५ पेक्षा काकणभर सरसच म्हणावे. अडचण एवढीच की फुटकळ प्रमाणात, हव्या त्या जाडीच्या पट्टीत ते सहज मिळत नाही. अमेरिकी ५१६० हे क्रोमियमयुक्त स्प्रिंग पोलादही याच पंगतीत बसते.

दांडपट्ट्याचे गणित वेगळे आहे. त्याचे पाते पातळ, मीटरहून लांब आणि सतत लवणारे असते. त्यासाठी जाड पट्टी घासत बसण्यापेक्षा ईएन-४२ किंवा सी-८० प्रकारची, आधीच कठीण करून आणलेली पातळ स्प्रिंग पट्टी घ्यावी. ०.७ ते ०.८ टक्के कार्बन इथे चालतो, कारण इतक्या पातळ पात्यावर वाकण्याचा ताण कमी येतो.

आता नाकारायची नावे. टूल-रूममधला ओळखीचा माणूस हमखास ‘एचसीएचसीआर’ सुचवतो, म्हणजे डी-२ किंवा डी-३. डायसाठी ते अप्रतिम. दीड टक्का किंवा त्याहून अधिक कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असलेली लांब तलवार मात्र एका आडव्या फटक्यात दुभंगू शकते. ईएन-३१ हे बेअरिंगचे पोलाद, १ टक्का कार्बनचे. त्याचा शिकारी सुरा उत्तम होतो. तलवारही होऊ शकते, पण ज्याने आधी दहा पाती बिघडवून अनुभव घेतला आहे अशाच हाताने. ईएन-२४ हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचे पोलाद चिवटपणात कुणाला हार जात नाही. त्याला धार फार टिकत नाही आणि किंमत उगाच वाढते.

स्टेनलेसबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. ३०४ जातीचे स्टेनलेस उष्णता-प्रक्रियेने कडक होतच नाही. ४२० कडक होते, ४४०सी तर बरेच कडक होते. पण तलवारीच्या लांबीत ती पाती आघाताला कमकुवत ठरतात. खेळासाठी आणि सरावासाठी स्टेनलेस घेऊच नये. पूजेच्या, भिंतीवरच्या किंवा सत्काराच्या तलवारीसाठी मात्र ४२० ही उत्तम निवड आहे: गंजत नाही, चमक टिकते, देखभाल नाही. अशा तलवारीला नावे ठेवण्याचे कारण नाही. नावे ठेवावीत ती तिला ‘लढाऊ’ म्हणून विकणाऱ्याला.

कमानीचा पाटा

जिल्ह्यातल्या कारागिराकडे गेले की तो नवी पट्टी न मागता ट्रकच्या कमानीचा पाटा दाखवतो. त्यात गैर काही नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कामगारांच्या हातातले कित्येक कोयते असल्याच पाट्यातून निघतात, आणि एका हंगामात कोयत्यावर जेवढे घाव पडतात तेवढे आजच्या तलवारीवर तिच्या आयुष्यात पडत नाहीत. पाट्याचे पोलाद बहुधा ईएन-४५ च्या कुळातले किंवा क्रोमियमयुक्त स्प्रिंग पोलाद असते, म्हणजे तलवारीला हवे तेच.

अडचण दोन ठिकाणी आहे. वापरलेल्या पाट्याने लाखो हेलकावे सोसलेले असतात आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा पडलेल्या असू शकतात. कोयता आखूड असल्याने त्यातली भेग फारशी नडत नाही. लांब पात्यात तीच भेग मुठीपाशी आली तर पाते उडते. म्हणून शक्यतो न वापरलेला नवा पाटा घ्यावा. जुनाच घ्यायचा झाला तर मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून द्यावा. दुसरी अडचण ओळखीची. सगळे पाटे एकाच पोलादाचे नसतात, आणि पोलाद कोणते ते माहीत नसेल तर त्याला किती तापवायचे हेही ठरत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरवर तपासणी. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात ही सोय असते. बोटभर तुकडा पुरतो आणि कार्बनपासून क्रोमियमपर्यंत सगळे आकडे कागदावर मिळतात. नवी पट्टी घेतली तर विक्रेत्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर पट्टीवरच्या खुणेशी जुळतो का ते पाहावे.

गावठी चाचण्याही टाकाऊ नाहीत. ग्राइंडरवर धरल्यावर माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढेल तसा त्यांना फुलबाजीसारखा फुलोरा येतो. स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड, नारिंगी आणि जवळजवळ फुलोरा नसलेल्या. याहून उपयोगी चाचणी म्हणजे त्याच पाट्याचा चार बोटे तुकडा लाल करून तेलात विझवणे. त्यावर कानस निसटली तर पोलाद कडक झाले. मग तो शेगड्यात धरून हातोडीने मोडावा आणि मोड पाहावी. मोड राखाडी, मखमली, पिठीसाखरेसारखी बारीक असेल तर तापमान बरोबर होते. दाणेदार साखरेसारखी चकाकणारी असेल तर तापवणे जास्त झाले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ही उपमा कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

रुळाच्या तुकड्याची तलवार हा एक जुना मोह आहे. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के असतो, त्यामुळे कागदावर ते शोभते. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि रुळाचा जाड ठोकळा हाताने ठोकून पट्टी करण्यात जी मेहनत जाते तेवढ्यात चार नव्या पट्ट्या येतात.

पाणी देणे

पोलादाची जात निवडणे हे निम्म्याहून कमी काम आहे. ईएन-९ चे नीट पाणी दिलेले पाते ईएन-४७ च्या बिघडलेल्या पात्यापेक्षा शंभर पटींनी बरे. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न ‘पोलाद कोणते?’ हा नसावा; ‘पाणी कसे देणार?’ हा असावा.

मराठीत पाणी देणे, पाणी चढवणे, पाणीदार हे सगळे शब्द विझवण्याच्या क्रियेतून आलेले आहेत. आजच्या स्प्रिंग पोलादांच्या बाबतीत शब्द पाण्याचा राहिला असला तरी काम तेलाचे आहे. ईएन-४५ किंवा ईएन-४७ चे पाते पाण्यात बुडवले तर तडकण्याचा धोका मोठा असतो. त्यांना ८५० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून क्वेंचिंग तेलात विझवतात. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल वापरण्याची पद्धत आहे. त्याचा धूर विषारी असतो आणि विझण्याचा वेगही बेभरवशाचा. लोहचुंबक चिकटेनासे झाले की पोलाद सुमारे ७७० अंशांवर आले, ही खूण साध्या कार्बन पोलादाला जवळपास पुरते. मिश्र पोलादाला त्याच्याही वर जावे लागते आणि तिथे डोळ्यांचा अंदाज फसतो.

विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते त्याच दिवशी पुन्हा मंद तापवून उतरवावे लागते. कारखान्यात याला टेंपरिंग म्हणतात. चाकू २०० अंशांच्या आसपास उतरवतात. ईएन-४५ ची तलवार ४०० ते ४५० अंशांपर्यंत उतरवतात. शेवटची कठीणता रॉकवेल ‘सी’ मापावर ४८ ते ५२ च्या दरम्यान असावी. चाकूवाले ५८ ते ६० चा अभिमान सांगतात. तलवारीला तो आकडा भूषणावह नाही, धोक्याचा आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेक कारागिरांनाही चकवते. पाणी दिल्यावर ग्राइंडर मारताना धार निळी पडली तर ‘पाणी उतरले’ म्हणतात. निळा रंग साधारण ३०० अंशांची खूण आहे. २०० अंशांवर उतरवलेल्या ईएन-३१ च्या सुऱ्याचे पाणी त्याने खरोखरच उतरते. ४५० अंशांवर उतरवलेल्या ईएन-४५ च्या तलवारीचे उतरत नाही. तरीही पाते हाताला सोसेल इतकेच तापू देण्याची शिस्त असलेला कारागीर निवडावा. शिस्त एका ठिकाणी असली की दुसरीकडेही असते.

खरी अडचण लांबीची. गावातल्या भात्याच्या भट्टीत एका वेळी वीत-दीड वीत लोखंड एकसारखे लाल होते. कोयत्याला तेवढे पुरते. तलवारीचे पाते तिथे पुढे-मागे सरकवत तापवावे लागते, आणि मग त्यात एक पट्टा कडक, एक मऊ असे वाघासारखे पट्टे तयार होतात. बाहेरून ते दिसत नाहीत. यावर व्यवहारी तोडगा असा की घडाई आणि घासाई ओळखीच्या लोहाराकडे करावी आणि पाणी औद्योगिक वसाहतीतल्या व्यावसायिक हीट-ट्रीटमेंट कारखान्यात द्यावे. तिथे आधी दोन गोष्टी विचाराव्यात: भट्टीची खोली पात्यापेक्षा जास्त आहे का, आणि पाते उभे टांगता येईल का. आडवे ठेवलेले पाते वाकडे होऊन बाहेर येते. हा मार्ग पोलादाची निवडही ठरवतो. जे पोलाद त्या कारखान्याच्या रोजच्या कामातले, तेच घ्यावे. त्यांच्याकडे कमान, स्प्रिंग, शाफ्ट नेहमीच येतात, त्यामुळे ईएन-४५, ईएन-४७, ईएन-९ यांना तिथे कुणी अनोळखी मानत नाही.

जाडी, वजन आणि काही गैरसमज

‘पोलाद लवचिक हवे’ असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. माइल्ड स्टील असो की ईएन-४७, सारख्या मापाची पट्टी सारख्याच जोराने तेवढीच लवते. पाते किती लवेल हे जाडी ठरवते, आणि तेही घनाच्या पटीत: जाडी निम्मी केली की वाकणे आठपट सोपे होते. पोलादाची जात आणि त्याचे पाणी ठरवते ती लवण्याची मर्यादा, म्हणजे किती वाकवल्यावर पाते परत सरळ येईल आणि कुठे ते बाक धरेल किंवा मोडेल. तलवार हातात घेऊन नुसती हलवून ‘लवते बरं का’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने फक्त जाडी दाखवलेली असते.

चांगले पाते मुठीपाशी ५ ते ६ मिलिमीटर आणि टोकाकडे अडीच-तीन मिलिमीटरपर्यंत उतरत जाते. सबंध लांबी एकाच जाडीची ठेवली तर तलवार टोकाकडे जड होऊन मनगट खाते. ८० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड कोरी पट्टी साधारण सव्वा किलो भरते. उतार, धार आणि खोबण काढली की तिचे वजन निम्म्यावर येते. मूठ धरून संपूर्ण तलवार एक किलोच्या आसपास असावी. सव्वा किलोच्या पुढे गेली तर काहीतरी चुकले. जुन्या तलवारी पाच-दहा किलोंच्या असत हा समज वस्तुसंग्रहालयातला तराजू टिकू देत नाही. जेजुरीचा ४२ किलोंचा खंडा दसऱ्याला उचलून कसब दाखवतात, तो देवाचा खंडा. त्यावरून लढाईच्या तलवारीचे माप काढू नये. पात्यावरची खोबण रक्त वाहून जाण्यासाठी असते हाही असाच एक ग्रह. ती वजन कमी करण्यासाठी असते.

‘दमास्कस’ या नावाने आज जे विकले जाते ते जुने मुशीचे पोलाद नव्हे. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या भट्टीत एकजीव करून, घडी घालून काढलेली ती नक्षी असते. काम चोख असेल तर पाते देखणे होते, अधिक मजबूत मात्र होत नाही. उलट प्रत्येक जोड ही एक संभाव्य फट असते आणि लांब पात्यात असे शेकडो जोड असतात. स्वस्तात मिळणाऱ्या तलवारींवर तर नुसती आम्लाने छापलेली नक्षी असते. कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर मारून पाहावे. छापील नक्षी पुसली जाते, खरी नक्षी पुन्हा आम्ल लावले की परत दिसते.

घणाखाली ठोकलेले पाते कापून घासलेल्या पात्यापेक्षा श्रेष्ठ, हा समजही तपासून घ्यावा. पट्टी कारखान्यात लाटून आलेली असते, त्यामुळे तिचा कण आधीच बारीक असतो. घडाईने माल वाचतो आणि बाक सुरेख काढता येतो. ताकद पाणी ठरवते.

पाते मोडते ते बहुधा मुठीपाशी, आणि पोलाद उत्तम असूनही. मुठीत शिरणारा भाग पात्याच्याच अखंड पट्टीतून काढलेला हवा. बाजारातल्या शोभेच्या तलवारींत तिथे माइल्ड स्टीलची बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली असते. खेळ करताना असे पाते मुठीतून सुटून प्रेक्षकांत जाऊ शकते. पाते जिथे अरुंद होऊन मुठीत शिरते तो कोपरा काटकोनात कापलेला नसावा, गोलाईत उतरवलेला असावा. मूठ बसवण्याआधी ग्राहकाने हा भाग स्वतः पाहावा. एकदा लाख भरून मूठ बसली की काहीच दिसत नाही.

काम देण्यापूर्वी

पोलाद ठरवण्याआधी कायदा पाहावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांत तलवारीचा उल्लेख नावानिशी आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे त्याच वर्गात येतात, मात्र घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता घडवणाऱ्या लोहाराला जे लागत नाही ते तलवार बनवून विकणाऱ्याला लागते: परवाना. काम परवानाधारक कारागिरालाच द्यावे आणि पावती जपून ठेवावी. तलवार घरी ठेवण्याबाबत, मिरवणुकीत नेण्याबाबत जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पोलीस ठाण्यात आधी विचारावे. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी सार्वजनिक जागी नेण्यावर बंदी असते. त्या आदेशापुढे ‘ही फक्त शोभेची’ हे उत्तर पुरेलच असे नाही.

कारागिराशी बोलणे कागदावर असावे. पोलादाची जात, पात्याची लांबी, मुठीपाशी आणि टोकाशी जाडी, अपेक्षित कठीणता, पाणी कुठे देणार, आणि मूठ बसवण्याआधी पाते दाखवण्याची अट. पाते दाखवल्यावर ते लाकडी खाचेत अडकवून टोक तळहाताएवढे बाजूला वाकवावे आणि सोडावे. सरळ झाले तर ठीक. बाक राहिला तर पाते मऊ आहे. ही चाचणी कारागिरानेच करून दाखवायची असते, डोळ्यांवर चष्मा घालून, आणि पाहणाऱ्यांनी बाजूला उभे राहून. चांगल्या कारागिराला या मागणीचा राग येत नाही.

गंज

वर शिफारस केलेली सगळी कार्बन पोलादे गंजतात. नगर, पाथर्डी, कर्जतच्या कोरड्या हवेत हा त्रास कोकणाच्या मानाने कमी. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीच्या पावसात मात्र आठवड्याभरात पात्यावर तांबडे ठिपके उठतात. पाते हाताळल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवावा. घामाचा ठसा एका रात्रीत उमटतो. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नये, चामडे ओल धरते. लाकडी म्यान बरे, आणि पावसाळ्यात म्यानाबाहेर तेल लावून ठेवणे त्याहून बरे.

सर्वांत जास्त गंज मात्र पावसाने नव्हे, दसऱ्याने चढतो. पात्यावर पाणी शिंपडतात, ओले गंध आणि हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि तलवार तशीच पाटावर दोन दिवस राहते. पूजेपूर्वी पात्याला तेलाचा हात द्यावा, हळदकुंकू शक्यतो मुठीवर वाहावे, आणि सीमोल्लंघनाहून परतल्यावर त्याच संध्याकाळी पाते पुसून पुन्हा तेल लावावे.